मे महिन्यातली हवाही तपासा

दिवाळी जवळ आली की दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या घराघरांत एक वेगळीच तयारी सुरू होते. कपाटातले मास्क बाहेर निघतात, एअर प्युरिफायरचे फिल्टर बदलले जातात, शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या ऑनलाइन आहे का?’ अशी विचारणा होऊ लागते. होळी झाली की हे सगळे पुन्हा कपाटात जाते. आकाश निळे दिसते आणि आपण म्हणतो, चला, या वर्षीचे संपले एकदाचे!

तुमच्या घरातही असेच होत असेल, तर थोडे थांबा. दिल्ली-एनसीआरमध्ये हवा बिघडण्याचा आणखी एक मोसम आहे, एप्रिल ते जूनचा. तापमान जसे वाढते, तसा तो अधिक त्रासदायक होतो. त्यात ना धुरके असते, ना काजळी. आणि हिवाळ्यात आपल्याला वाचवणारी साधने त्याच्यापुढे बरीचशी निकामी ठरतात.

धूर आपला, पण सूत्रे हवामानाच्या हाती

गाड्या, कारखाने, वीज केंद्रे, कचरा आणि पराली जाळणे, बांधकामाची धूळ हे सगळे प्रदूषण आपणच करतो. ते आपल्या नाकाशी किती वेळ राहणार, हे मात्र वारा, पाऊस आणि तापमान ठरवतात. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर खालीच कोंडतो. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा एक्यूआय ४९४ वर गेला होता. या मोजपट्टीची कमाल मर्यादाच ५०० आहे.

हवामान किती फरक पाडते, याचे उदाहरण २०२२-२३ च्या हिवाळ्यात दिसले. तेव्हा प्रशांत महासागरात सलग तिसऱ्या वर्षी ‘ला निना’ची स्थिती होती आणि वाऱ्यांचा नेहमीचा क्रम बदलला. डॉ. गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्या हिवाळ्यात पीएम २.५ चे प्रमाण गाझियाबादमध्ये सुमारे ३३ टक्क्यांनी आणि नोएडात २८ टक्क्यांनी घटले, तर मुंबईत ते सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. नोएडात राहणाऱ्या लेकीला ‘काळजी घे गं’ म्हणणारी मुंबईची आई त्या वर्षी स्वतःच खोकत होती! एका हिवाळ्यावरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही. पण हवामान बदलले की कोणाच्या वाट्याला किती धूर येणार, हेही बदलते, एवढे त्यातून कळते.

उन्हात शिजणारे प्रदूषण

ओझोन म्हटले की शाळेत शिकलेला, अतिनील किरण अडवणारा थर आठवतो. तो खूप उंचावर असतो आणि आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र श्वासाला अपायकारक आहे. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्या आणि वीज केंद्रांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, तसेच पेट्रोल, रंग, सॉल्व्हंट यांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या की तो तयार होतो.

ऊन जितके कडक, तितकी ही क्रिया जोरात. उष्णतेने पेट्रोलच्या वाफाही जास्त उडतात. वारा पडलेला असेल तर ओझोन साचत जातो. शिवाय उकाडा वाढला की एसी वाढतात, विजेची मागणी वाढते आणि कोळशावरच्या वीज केंद्रांचा धूरही वाढतो. म्हणूनच उष्णतेची लाट आणि ओझोन बहुधा जोडीनेच येतात. दिल्ली-एनसीआरमध्ये उन्हाळ्यात ओझोनने मर्यादा ओलांडल्याच्या नोंदी वारंवार झाल्या आहेत.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. वाहनांच्या ताज्या धुरातला एक वायू ओझोन खाऊन टाकतो. त्यामुळे वाहतुकीपासून दूर असलेल्या बागेत किंवा मोकळ्या वसाहतीत दुपारचा ओझोन भर रस्त्यापेक्षा जास्त असू शकतो. म्हणजे ‘झाडे आहेत, तिथे खेळू दे’ हा आपला नेहमीचा हिशेब मे महिन्याच्या दुपारी चुकू शकतो.

डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, कोरडा खोकला, छातीत जडपणा ही ओझोनच्या त्रासाची लक्षणे आहेत. ‘ऊन लागले असेल’ म्हणून आपण ती सोडून देतो. मुलाला दमा असेल, तर असे दुर्लक्ष महागात पडते.

याच मोसमात धुळीची वादळेही येतात. जून २०१८ मध्ये राजस्थानकडून आलेल्या धुळीने दिल्ली इतकी झाकोळली होती की काही दिवस बांधकामे थांबवावी लागली.

फक्त आकडा नको, नावही पाहा

एक्यूआय म्हणजे सगळ्या प्रदूषकांची बेरीज नसते. ज्या प्रदूषकाची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच आकडा आपल्याला दिसतो. उन्हाळ्यात धुळीचा आकडा मोठा असेल, तर ओझोन त्याच्यामागे लपून राहतो. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर आपल्या जवळचे केंद्र उघडा आणि प्रमुख प्रदूषक कोणता, हे पाहा. धुळीचे नाव असले तरी दुपारचा ओझोनही एकदा तपासा.

घरात काय बदलाल?

* फिरायला जाण्याची वेळ ऋतूप्रमाणे ठेवा. हिवाळ्यात पहाटेची हवा वाईट असते, म्हणून ऊन चढल्यावर बाहेर पडा. एप्रिल ते जून मात्र उलट करा. सकाळी लवकर जा आणि साधारण १२ ते ५ या वेळेत मेहनतीचे खेळ टाळा. आजी-आजोबांनाही हा फरक समजावून सांगा.
* मास्कची मर्यादा ओळखा. एन-९५ मास्क सूक्ष्म कण अडवतो, ओझोनसारखा वायू नाही. धुळीच्या दिवशी तो जरूर लावा, पण ओझोनच्या दुपारी घरात राहणे हाच खरा उपाय आहे.
* प्युरिफायर पाहून घ्या. हेपा फिल्टर कण पकडतो. वायूंसाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा थर लागतो आणि तोही वेळोवेळी बदलावा लागतो. ओझोन सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करणारी उपकरणे घेऊच नका.
* दुपारी खिडक्या बंद, सकाळी उघड्या. ओझोन घरात आला की भिंती-पडद्यांना लागून बराचसा विरतो. कूलर मात्र बाहेरची हवा आत ओढतो. कूलर वापरत असाल तर त्याच्या जाळ्या धुळीपासून स्वच्छ ठेवा आणि दमेकऱ्याचा पलंग त्याच्या झोतासमोर ठेवू नका.
* पेट्रोल संध्याकाळी भरा. टाकी काठोकाठ भरू नका. वाफा तेवढ्याच कमी उडतील.
* दम्याचे औषध हिवाळ्यापुरते आहे असे समजू नका. इन्हेलर कधी कमी करायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ज्यांना दार बंद करता येत नाही

हे सगळे आपल्याला जमते, कारण आपल्याकडे बंद करायला खिडकी आहे. सोसायटीच्या गेटवरचा गार्ड, भर दुपारी पार्सल आणणारा मुलगा, चार घरची कामे करून उन्हात चालत जाणारी ताई यांच्याकडे ती नाही. मे महिन्यात कामाची वेळ सकाळी थोडी लवकर ठेवता येईल का, हे ताईंना विचारा. तातडीची नसलेली ऑर्डर संध्याकाळी मागवा. गार्डच्या केबिनला सावली आणि पंखा आहे का, हा विषय सोसायटीच्या बैठकीत काढा.

आणि एक काम शाळेसाठी. हिवाळ्यात एक्यूआय वाढला की मैदानातले खेळ बंद होतात, हे आता पालकांनाही पाठ झाले आहे. पण एप्रिलमध्ये खेळाचा तास किती वाजता असतो, हे किती जण विचारतात? पुढच्या पालक सभेत विचारा. तो तास शेवटचा असेल, तर पहिला करून मागा. यासाठी शाळेला एक रुपयाही खर्च येत नाही, फक्त वेळापत्रक बदलावे लागते.