सातबाऱ्यावर नाव कोणाचं?



परवा परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतल्या एका मुलाने मध्येच विचारलं, "बाई, अमेरिकेतला माणूस आपलं शेत विकत घेऊ शकतो का?" सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही. आमच्या शहापूर-मुरबाडकडे रस्त्याच्या कडेला 'फार्महाऊससाठी प्लॉट' असे फलक जागोजागी दिसतात. २०२५ साली सुरू झालेला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही शहापूर तालुक्यातूनच जातो. मुंबई जवळ आली की जमिनीला गिऱ्हाईक येणारच!

तर आधी उत्तर. परदेशी नागरिकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेले तुमचे काका ठाण्यात फ्लॅट घेतील, पण मुरबाडचं भातखाचर त्यांना विकत घेता येणार नाही. आजोबांची शेती वारसाने मात्र मिळू शकते.

गंमत पुढेच आहे. मुंबईचा माणूससुद्धा शेतकरी नसेल, तर काही अपवाद सोडता कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्याला इथे शेत घेता येत नाही. हा १९४८ च्या कूळकायद्यातला नियम. हिमाचल प्रदेशात तर तिथला शेतकरी नसलेल्या कोणालाही सरकारच्या परवानगीशिवाय जमीन मिळत नाही. म्हणजे तिथे तुम्ही-आम्हीच परके!

आणि ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी या आपल्या आदिवासी बांधवांची जमीन? पूर्वी पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून भात उसनं आणायचं आणि कागदावर अंगठा द्यायचा. व्याज काही फिटायचं नाही. मग एक दिवस शेत सावकाराच्या नावावर! कागदात काय लिहिलंय, हेच अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. म्हणून १९७४ साली कायदा कडक झाला. आता आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण टाकणं, पट्ट्याने देणं, यातलं काहीही सरकारी परवानगीशिवाय चालत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, म्हणूनही वेगळा कायदा झाला.

"मग काळजीच नाही, बाई!" मुलं म्हणाली. आहे, बाळांनो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी असाच एक ओळखीचा माणूस आला होता. "आजोबा, साधी पावती आहे, अंगठा द्या," म्हणाला. पाचवीतली ती पोर. तिने कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. 'कुलमुखत्यारपत्र' या शब्दाशी अडली. "आजा, थांब जरा. बाईंना विचारून येते," एवढंच म्हणाली. कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणं. मी घरी जाऊन समजावून सांगितलं. अंगठा काही उमटला नाही.

आता तुमचा गृहपाठ. या रविवारी घरातला सातबारा मागून घ्या. घरी शेती नसेल तर मामाच्या गावचा पाहा. वरचा भाग म्हणजे गाव नमुना सात. त्यात गट नंबर, मालकाचं नाव आणि क्षेत्र शोधा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १०० आर म्हणजे १ हेक्टर. 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाची, कुळाची नोंद असते. तीही वाचा. खालचा भाग म्हणजे नमुना बारा, त्यात पिकं. आजोबा वारले असतील तर वारसांची नावं लागली आहेत का? आजीचं, आत्याचं नाव आहे का? नसेल तर घरात विचारा.

आणि पालकहो, "तुला काय कळतंय?" असं म्हणून कागद हिसकावून घेऊ नका. मुलाला वाचता येतंय, तर त्याला मोठ्याने वाचू द्या. सही त्यानंतर करा.

तुमच्या,
बाई