रक्तक्षय हे बाईचे नशीब नव्हे

१/ “बाईमाणसाला अशक्तपणा असायचाच.” सातारा-सांगलीच्या घराघरांत हे वाक्य आजही सहज बोलले जाते. ते खोटे ठरून ९० वर्षे उलटली आणि तो निकाल मुंबईतच लागला.

२/ मुंबईचे गिरणगाव मुख्यतः रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांतल्या माणसांनी उभे केले. आजच्या सांगलीचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये. गिरणीच्या मनीऑर्डरींवर गावे जगली, हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो. गिरणगावातल्या बायकांच्या रक्ताचा इतिहास कोणी सांगत नाही.

३/ १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या. गिरणीकामगार गर्भवतींना जीवघेणा पंडुरोग होत असे: तांबड्या पेशी संख्येने कमी, आकाराने मोठ्या. विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग तपासला. कारण तिथे नव्हते. मग त्यांनी ताटे तपासली. गरीब घरांतल्या ताटात भाज्या, फळे आणि प्रथिने नावापुरतीच होती.

४/ उंदीर आणि माकडांवरील प्रयोगांनंतर त्यांनी रुग्णांना यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिला. बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हटले गेले. १९४१ मध्ये पालकातून वेगळे काढल्यावर त्याचे नाव पडले फॉलिक अॅसिड. १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले.

५/ ही कथा बहुधा ‘हुशार डॉक्टर आणि मार्माइटची बाटली’ एवढ्यावर संपवली जाते. आक्षेप नेमका इथे आहे. रोगाचे मूळ मजुरीत आणि ताटात होते. बाटलीने ते सिद्ध केले, मिटवले नाही.

६/ शासनाने बाटलीचा धडा घेतला, ताटाचा सोडला. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, किमान १८० दिवस. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून (२०१५-१६) ५४.२ टक्क्यांवर (२०१९-२१) गेले.

७/ यावर ठरलेले उत्तर: “बायका गोळ्या खातच नाहीत.” गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, हे आधी समजावून न सांगता दोष बाईच्याच पदरात टाकायचा! शिवाय रक्तक्षयाचे कारण एकच नसते. बी-१२ ची उणीव असताना नुसते फॉलिक अॅसिड दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून तपासणीही गोळीइतकीच आवश्यक.

८/ गोळी हवीच. ती बाईचा हक्क आहे. पण कृष्णाकाठच्या हिरव्यागार फडात मराठवाड्यातून आलेली ऊसतोड मजूर पहाटेपासून कोयता चालवते, मोळ्या वाहते आणि कोपीवर परतून सर्वांच्या शेवटी जेवते. साखरेचे उतारे दशांशापर्यंत मोजणाऱ्या या पट्ट्यात तिचे हिमोग्लोबिन कोण मोजतो? गिरणगावाने विचारलेला प्रश्न आता फडात उभा आहे. त्याचे उत्तर १९३१ पासून ठाऊक आहे. म्हणून अज्ञानाची सबब चालणार नाही.