पळा पळा, आभाळ पडलं!

 माझा आठवडा नेहमीसारखाच. म्हणजे दहाला लॉग-इन, सव्वादहाला पहिला चहा आणि साडेदहाला 'बघू तरी जगात काय चाललंय' म्हणून उघडलेली ती एक टॅब! ती मग संध्याकाळपर्यंत बंद होत नाही. दिवसभरात जे भन्नाट काही हाती लागेल ते तुमच्यापुढे ठेवायचं, हा आपला जुना करार.

या वेळी मात्र जरा वेगळा प्रकार झाला. टीममध्ये एक नवा मुलगा जॉइन झालाय, ठाण्याचा. ओळख झाल्या झाल्या त्याचा पहिला प्रश्न, "तू चंद्रपूरची ना? मग रोज वाघ दिसत असेल!"

मी म्हटलं, "हो तर! एसटी स्टँडवर उभा असतो, नागपूरच्या गाडीची वाट बघत."

सगळे हसले. मीही हसले. पण डोक्यात किडा सोडून गेला राव. पुण्यात येऊन मला आठ वर्षं झाली, आणि अजूनही माझं गाव सांगितलं की समोरच्याला दोनच गोष्टी आठवतात. चंद्रपूर म्हटलं की वाघ आणि गडचिरोली म्हटलं की नक्षलवादी. मग ठरवलं, आजचं सगळं सर्फिंग फक्त या दोन जिल्ह्यांचं. बघू तरी इंटरनेटला आमच्याबद्दल काय काय माहीत आहे!

सकाळी १०.४० : आकाशातून आलेलं पार्सल

पहिलाच हिट माझ्या तालुक्याचा. सिंदेवाही! तारीख २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरातमधून लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले आणि मोबाइल काढले. कोणी म्हणालं उल्का, कोणी म्हणालं विमान. मला आठवतंय, आईचा फोन आला होता, "अवं, आभाळातून काहीतरी जळत गेलं वं!" मी तेव्हा श्रीखंड खात होते. म्हटलं, फटाके असतील.

फटाके नव्हते. लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली होती. आसपासच्या गावांत नंतर गोळेही सापडले. हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ट्विटरवर अंदाज दिला की हा चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेला. इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहून गेले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. लहानपणी गोष्टीतल्या सशाला हसायचो ना आपण, 'पळा पळा, आभाळ पडलं' म्हणणाऱ्या? आमच्या तालुक्यात खरंच पडलं, बॉस!

मग अर्थातच एका लिंकवरून दुसरीवर. असं काही डोक्यावर पडलं तर जबाबदार कोण? त्यासाठी १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. जमिनीवर नुकसान झालं तर ज्या देशाचं यान, त्याने भरपाई द्यायची, चूक कोणाची हे सिद्ध करत बसायची गरज नाही. १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा रशियाने ३० लाख कॅनेडियन डॉलर मोजले. आणि १९७९ मध्ये ज्या स्कायलॅबने आपल्याकडेही घबराट उडवली होती, ती पडली ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाच्या पालिकेने नासाला चक्क कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरची पावती फाडली! ती भरली गेली २००९ मध्ये, तीही नासाने नाही, एका अमेरिकन रेडिओ जॉकीने श्रोत्यांकडून पैसे जमवून. आपल्याकडे एवढं कोणाला सुचलं नाही बघा.

दुपारी १२.१५ : हिरो नंबर वन

आता वाघोबा. ते टाळता येणारच नव्हते. २०२४ च्या फेब्रुवारीत व्हायरल झालेला व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. ताडोबाच्या निमढेला बफरमधला एक तरुण वाघ पाण्यात उतरतो, तिथे पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात धरतो आणि शांतपणे निघून जातो. भानुसखिंडी वाघिणीचा हा बछडा. जगभर शेअर झाला. माणसांनी टाकलेला कचरा वाघ उचलतोय म्हटल्यावर लाइक्सचा पाऊस!

त्याच्या आधी २०१८ मध्ये अस्वल विरुद्ध मटकासुर ही कुस्ती गाजली होती. उन्हाळ्यात पाणवठ्यावर आलेली अस्वलीण पिल्लासाठी थेट वाघाच्या अंगावर गेली. आमच्याकडचे लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त का घाबरतात, ते हा व्हिडिओ पाहिला की कळतं.

गंमत म्हणजे ताडोबाच्या वाघांची नावं आता क्रिकेटपटूंसारखी पाठ असतात लोकांना. माया, मटकासुर, छोटा मटका, वाघडोह. २०२३ मध्ये माया दिसेनाशी झाली तेव्हा तिची बातमी देशभरच्या पेपरांत आली. ठाण्याच्या मुलाला मी ही नावं म्हणून दाखवली. तो पार इम्प्रेस.

लंच टाइम : रवींद्रनाथांचा डायनासोर

डबा उघडून गडचिरोलीकडे वळले. इथे चकमकीच्या बातम्यांखालून जरा खोदावं लागलं. आणि खोदल्यावर निघाला डायनासोर!

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंचा. प्राणहिता आणि गोदावरीच्या या खोऱ्यातल्या खडकांना भूशास्त्रात 'कोटा' हे नाव आहे, तेही इथल्याच एका गावावरून. १९६० च्या सुमारास कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची माणसं इथे हाडं शोधत होती. हो, स्टॅटिस्टिकल! संख्याशास्त्रवाले डायनासोर शोधत होते, कारण संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी संस्थेत भूशास्त्राचं युनिटही काढलं होतं. सापडलेल्या हाडांत मांडीचं एक हाड १.७ मीटरचं निघालं. म्हणजे नुसतं हाड माझ्यापेक्षा उंच. मग नाव पडलं बारापासॉरस, 'बडा पा' म्हणजे मोठा पाय. आणि आडनाव टागोराय, कारण १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष होतं. शास्त्रीय नामकरण झालं १९७५ मध्ये. ज्युरासिक काळाच्या सुरुवातीचा हा शाकाहारी धिप्पाड प्राणी. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात संस्थेच्या म्युझियममध्ये उभा आहे.

सिरोंच्याजवळ वडधमला आता जीवाश्म पार्क आहे. पुढच्या लाँग वीकेंडला लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये बसण्यापेक्षा हा ऑप्शन बघा की!

दुपारी ४.०५ : बिनबॅटरीचं ॲप

चहाच्या ब्रेकमधला हा माझा आजचा फेव्हरेट. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आपल्याला माहीत असतात, 'सर्च' संस्थाही ऐकलेली असते. पण त्यांचं श्वासमोजणी यंत्र पाहिलंय का कधी?

प्रश्न असा होता की बाळाला न्यूमोनिया झालाय की साधी सर्दी, हे खेड्यातल्या दाईने ओळखायचं कसं? डॉक्टर लांब, एक्स-रे त्याहून लांब. श्वास जोरात चालतोय का, हे मोजणं हा उपाय. पण जिला आकडे लिहिता-वाचता येत नाहीत, तिने मिनिटाला साठ श्वास मोजायचे कसे? म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि पाटीसारखे तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजून उपचार सुरू. संपलं!

ना चार्जिंग, ना नेटवर्क, ना पासवर्ड. पुढे याच टीमने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत बसवली. ३९ गावांतला तो प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून आशाताईंमार्फत हीच पद्धत देशभर गेली. आपण इथे 'युजर फ्रेंडली'वर दोन-दोन तास मीटिंगा करतो. गडचिरोलीत ते मण्यांनी करून दाखवलं.

संध्याकाळी ६.३० : त्याच तालुक्यातली दुसरी बातमी

निघता निघता पुन्हा 'सिंदेवाही' टाइप केलं. रिंगचे फोटो हवे होते, या पानासाठी. फोटोंच्या ऐवजी समोर आली १० मे २०२५ ची बातमी. मेंढामालच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी.

ही बातमी मला नवी नव्हती. त्या दिवशी सकाळी ती गावाच्या ग्रुपवर आली होती, आणि मी पहिल्यांदा गावाचं नाव वाचलं, मग घरी फोन लावला.

सांगायचं राहिलं. माझी आई तेंदूला जाते. माझ्या बारावीच्या क्लासची अर्धी फी तेंदूपत्त्याची होती. मे महिन्यात पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, दुपारभर घरात बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पण पेरणीच्या तोंडावर हातात रोख पैसा देणारं दुसरं काम आमच्याकडे फारसं नाही.

आता हिशेब बघा. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. त्यातला मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्यात, आणि त्यातलेही बरेचसे ताडोबाच्या बाहेर, ब्रह्मपुरी वनविभागासारख्या जंगलात, जिथे ना गेट आहे ना जिप्सी. तिथे शेतं आहेत, मोहाची झाडं आहेत आणि पायी चालणारी माणसं आहेत. वाघ वाढले, ही चांगलीच गोष्ट आहे. मलाही अभिमान आहे. तो बाटलीचा व्हिडिओ मीही तीनदा फॉरवर्ड केलाय. पण व्हिडिओ काढणारा जिप्सीत बसलेला असतो. पानं तोडणारी वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं आमच्याकडे म्हणतात.

त्या बातमीत तिघींची नावं होती. मला एकही सांगता येईना. दुपारी चार वाघांची मात्र मी घडाघडा म्हणून दाखवली होती!

बातमीत मदतीचा आकडाही होता. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेलं की राज्य सरकार २५ लाख रुपये देतं. द्यायलाच हवेत. पण मरणानंतर मिळणाऱ्या मदतीपेक्षा आधी मिळणारी सूचना जास्त उपयोगाची, नाही का? अशी सूचना देणारी गोष्टही आजच्याच सर्चमध्ये सापडली. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावात जंगलाच्या बाजूला असे कॅमेरे बसवले गेले की वाघ फ्रेममध्ये आला, की कॉम्प्युटर तो ओळखतो आणि गावात इशारा जातो. कॅमेरा तोच, वाघही तोच. फक्त फोटो लाइक्ससाठी नाही, पलीकडच्या माणसासाठी. मला तर हे थेट त्या मण्यांच्या यंत्राचं भावंडं वाटलं. हे दर गावात, आणि मे महिन्यात तेंदूच्या वाटेवर का नको, हा माझा आजचा प्रश्न.

रात्री ९.०० : लॉग-आउट

घरी येऊन आईला फोन केला. "यंदा जाशील का तेंदूला?"

"जाईन ना. का बरं?"

"वाघ आहे ना वं."

"वाघ काय आजच आला का? आम्ही घोळक्यानं जातो, आवाज देत देत. तू जेवली का?"

विषय संपला. आईच्या पुढे गुगलही हरतं.

तेव्हा मंडळी, ताडोबाचं बुकिंग असेल तर जरूर जा. वाघ दिसो, न दिसो, जंगल भारी आहे. फक्त सोबतच्या गाईडला एक विचारा, तुझ्या घरचं कोण तेंदूला जातं? तो त्याच भागातला असतो. वाघ नाही दिसला तरी गप्पा अशा रंगतील की तिकीट वसूल!

आणि मे महिन्यात सकाळी अकराच्या आमच्या मीटिंगमध्ये मी मोबाइल टेबलावर उलटा ठेवत नाही, यावरून टीम लीड मला दरवर्षी बोलतो. त्याचं उत्तर आज देऊन टाकते. अकराला मी घरी मिस्ड कॉल देते. आई रानातून परतली असेल तर ती तो कट करते. एवढंच बघायचं असतं मला.