एकखांबी तंबू आणि आपल्या टाळ्या

6 मार्च 2025 ला बातमी आली की सुनील छेत्री भारताकडून पुन्हा खेळणार. नऊ महिन्यांपूर्वीच त्याने निवृत्ती घेतली होती. वय वर्षं चाळीस. आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर आगीच्या इमोजींचा पाऊस पडला. 'लेजंड', 'किंग इज बॅक' वगैरे.

मला मात्र ऑफिस आठवलं. प्रत्येक टीममध्ये एक सीनिअर असतो. जुनी सिस्टिम फक्त त्यालाच कळते. तो नोकरी सोडतो, केक कापला जातो, ग्रुप फोटो निघतो. मग काही महिन्यांनी ऐन रात्री सर्व्हर बसतो आणि मॅनेजर त्यालाच फोन लावतो. माणूस भला, म्हणून तो फोन उचलतो. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण फोन लावायची वेळ आली यात कौतुक कसलं? आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. मराठीत त्याहून नेमका शब्द आहे: एकखांबी तंबू.

छेत्रीचं परतणं हा त्याचा मोठेपणा होता आणि भारतीय फुटबॉलची नामुष्की. आपण मोठेपणाला टाळ्या वाजवतो आणि त्या आवाजात नामुष्की ऐकू येत नाही.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत. 12 जून 2005 ला क्वेट्टामध्ये पाकिस्तानविरुद्ध पदार्पण आणि त्याच सामन्यात गोल. 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप, तोवर 94 गोल. त्या वेळी खेळत असलेल्यांमध्ये पुढे फक्त रोनाल्डो आणि मेस्सी. या तिघांचा एकत्र फोटो तुम्हीही कधीतरी फॉरवर्ड केला असेल. त्याखाली कुणीतरी लिहितोच, 'गोल कुणाविरुद्ध मारलेत ते बघा.' मग भांडण सुरू.

दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडतात. छेत्री मेस्सीच्या तोडीचा आहे असं खुद्द छेत्रीही म्हणत नाही. आणि गोल नुसते दुबळ्या संघांविरुद्ध होते म्हणणाऱ्यांनी 2011 चा आशियाई चषक आठवावा, त्यात त्याने बहारीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केले होते. खरा प्रश्न वेगळा आहे. वीस वर्षांत दुसरा छेत्री का आला नाही?

2024 या वर्षाचा हिशोब बघा. भारत 11 सामने खेळला, जिंकला शून्य. गोल एकूण चार. त्यातला एक छेत्रीने निवृत्तीआधी मारलेला पेनल्टी, एक मुंबईच्या राहुल भेकेचा. भेके सेंटर बॅक आहे. म्हणजे गोल अडवणारा माणूस पुढे जाऊन गोल करत होता. अशा अवस्थेत कोचने चाळिशीच्या माणसाला बोलावलं आणि त्याने 19 मार्च 2025 ला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध हेडर मारून 95 वा गोल केला. सोळा महिन्यांनी भारत जिंकला. त्या मोसमात इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीयही तोच होता, 14 गोल. त्याला हौसेने बोलावलं नव्हतं, दुसरं कुणी नव्हतंच.

का नव्हतं? 2014 पासून 2025 पर्यंत आयएसएलचे अकरा मोसम झाले. एकदाही गोल्डन बूट भारतीयाला मिळालेला नाही. हा योगायोग नाही. मैदानावर एका वेळी किती परदेशी खेळाडू असावेत याची मर्यादा सहावरून चारवर आली, पण त्या चारांतली एक जागा बहुतेक क्लब नऊ नंबरसाठी राखून ठेवतात. मालकाला निकाल याच मोसमात हवा असतो. तयार गोल विकत मिळत असताना शिकणाऱ्या पोराला कोण उभं करणार? मग शाळेत ढिगाने गोल मारणाऱ्या पोराला विंगवर ढकललं जातं. बंगळुरूमध्ये मिकू होता तेव्हा खुद्द छेत्री बऱ्याचदा डावीकडून खेळायचा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत होता. पुढे क्लबकडून तो बहुतेक विंगवरच दिसला.

परदेशी खेळाडूंवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. त्यांच्यामुळे खेळ सुधारला, हे मान्य. पण स्ट्रायकर चुकत चुकत घडतो. बॉक्समध्ये दहा संधी मिळाव्या लागतात, आठ वाया घालवायची मुभा असावी लागते आणि पुढच्या शनिवारी पुन्हा नाव यादीत दिसावं लागतं. ही मुभा छेत्रीला मिळाली होती. 2002 मध्ये मोहन बागान, मग पंजाबातला जेसीटी, ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो. जेसीटी 2011 मध्ये बंद पडला. डेम्पोने 2016 मध्ये आय-लीग सोडली. ज्या शिडीने तो चढला, तिच्या पायऱ्या एकेक करून निघाल्या आणि आपण वर पोचलेल्या माणसाचे सेल्फी काढत राहिलो. ऑगस्ट 2025 मध्ये लीगचं भवितव्यच टांगणीला लागलं, तेव्हा छेत्रीच्याच बंगळुरू क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवले. अशा ठिकाणी पोराला पाठवा, असं कुठल्या बापाला सांगायचं?

आणि आपणही धुतल्या तांदळाचे नाही. 1 जून 2018 ला मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला 5-0 हरवलं. छेत्रीने हॅट्ट्रिक केली. प्रेक्षक होते 2,569. दुसऱ्या दिवशी देशाच्या कप्तानाला व्हिडिओ टाकून हात जोडावे लागले: शिव्या द्या, पण मैदानात या. पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. आपण व्हिडिओला धावलो, सवयीला नाही. पेठेपेठेच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरवणारं कोल्हापूर दाखवून देतं की या राज्याला फुटबॉलचं वेड नाही असं नाही. ते वेड राष्ट्रीय संघापर्यंत पोचत नाही, एवढंच.

14 ऑक्टोबर 2025 ला गोव्यात, फातोर्ड्याला, सिंगापूरने 2-1 हरवलं आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्या रात्री ग्रुपवर पुन्हा तेच: छेत्री आता म्हातारा झाला, त्याला काढा. मार्चमध्ये किंग, ऑक्टोबरमध्ये म्हातारा. तंबू पडला की शिव्याही खांबालाच.

म्हणून एकच मागणी आहे. पुढचा मोसम सुरू होईल तेव्हा आपल्या क्लबचा नऊ नंबर कोण आहे ते बघा. बाकावर बसलेला विशीतला भारतीय पोरगा किती मिनिटं खेळला ते मोजा आणि क्लबच्या पेजवर जाऊन तो आकडा विचारा. प्रत्येक सामन्यानंतर, कंटाळा येईपर्यंत विचारा. आणि तो पोरगा उतरला आणि समोरचा रिकामा गोल चुकला, तर त्याचं मीम बनवू नका. छेत्रीही सुरुवातीला चुकलाच असेल. फरक इतकाच की त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरवलं होतं.