अध्याहृत म्हटलं की झालं?

इंग्रजी व्याकरण शिकवताना सगळ्यात सोयीचा शब्द कोणता? अध्याहृत! 'आय कॅन स्विम अँड शी कॅन टू'. शेवटचं 'स्विम' कुठे गेलं? अध्याहृत आहे, संदर्भाने कळतं, चला पुढे. मंडळी, हे स्पष्टीकरण नाही, ही प्रश्नाची बोळवण आहे.

आता हे बघा. 'ही इज सिंगिंग अँड शी इज टू' चालतं. 'ही कीप्स सिंगिंग अँड शी कीप्स टू' मात्र चालत नाही. तीही गात राहते हे कळायला अडचण काय आहे? काहीच नाही, तरी वाक्य मोडतं. कारण गाळलेल्या क्रियापदामागे 'इज', 'कॅन'सारखं सहायक क्रियापद राखणदार म्हणून उभं लागतं. नसेल तर 'डू' आणावं लागतं: 'शी सिंग्ज अँड आय डू टू'.

दुसरा प्रकार. 'सीता लाइक्स टी अँड रवी कॉफी' बरोबर. 'अँड' काढून 'बिकॉज' घाला. अर्थ लख्ख, वाक्य चूक! याच प्रकारावर जॉन रॉस यांनी १९७० साली लेख लिहिला आणि दाखवलं की क्रियापद पुढच्या वाक्यातलं गळतं की मागच्या, याचा संबंध त्या भाषेच्या शब्दक्रमाशी आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी, म्हणून 'सीता चहा आणि रवी कॉफी पितो' असं पहिलंच क्रियापद गळू शकतं. इंग्रजीत हे जमत नाही.

आता कुणी म्हणेल, पंडितांचं तरी कुठे एकमत आहे? खरंय. जेसन मर्चंट (२००१) म्हणतात, पूर्ण रचना मनात असते, फक्त उच्चारली जात नाही. कलिकव्हर आणि जॅकेंडॉफ (२००५) म्हणतात, अशी दडलेली रचना मानायची गरज नाही, अर्थावरून जोडणी होते. हँकमर आणि सॅग यांनी १९७६ साली मांडलं की अशा गाळणीला आधी उच्चारलेले शब्द लागतात. त्यावरही लोकांनी नाचायला हात पुढे करून म्हटलेलं नुसतं 'शाल वी?' दाखवलं.

पण हे भांडण नियम कुठे राहतो याचं आहे. नियम आहे की नाही, याचं नाही.

म्हणून मुलांना 'अध्याहृत' सांगून गप्प करू नका. न उच्चारलेल्या शब्दांनाही व्याकरण असतं, एवढं तरी दाखवा.

असो. तुमचं मत जरूर कळवा. फक्त 'संदर्भाने कळतं' एवढंच नको :)