साथीच्या काळात वेगळे ठेवले, तर आपले हक्क कोणते?

साथरोग अधिनियम, 1897 हा मुंबईतल्या प्लेगच्या काळात आला. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. संशयित रुग्णाला वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यातूनच राज्य सरकारला मिळतो. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, हे त्यात स्पष्ट आहे. 2020 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षेची तरतूद झाली, तीही गरजेचीच होती. मात्र माणसाला किती दिवस ठेवायचे, त्याने दाद कुठे मागायची, हे कायदा सांगत नाही. भरपाईचा उल्लेख आहे, पण ती द्यायची की नाही हे सरकारवर सोडलेले. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांना हीच उणीव सर्वाधिक जाचते.

तरीही संविधानाचे कलम 21 साथीतही लागू असते. कोविड रुग्णांच्या दारावर सरसकट पोस्टर लावू नयेत, सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असेल तरच लावावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितले.

आपल्याला थांबवले, तर आदेश लेखी मागा आणि त्यात किती दिवस लिहिले आहेत ते पाहा. परस्पर निघून जाऊ नका, गुन्हा दाखल होऊ शकतो. कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन: 15100.