मालवणला स्कूबा करताय? ‘नाही’ म्हणणारा प्रशिक्षक शोधा

एप्रिल-मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 44-45 अंशांवर गेला की लोक कोकणात निघतात आणि दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो : “डॉक्टर, मालवणला चाललोय. स्कूबा केलं तर चालेल ना?” त्याला जोडून दुसरं वाक्यही ठरलेलं असतं : “मला पोहता येतं, विहिरीत शिकलोय.”

मागे एक रुग्ण मालवणहून परतल्यावर कान धरूनच आले. कानाचा पडदा फाटला होता. सहलीला निघतानाच त्यांना सर्दी होती. किनाऱ्यावर त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर घेतला, एका कागदावर सही घेतली आणि होडीत बसवलं. “सर्दी आहे का?” एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता, तर पुढचे दोन महिने त्यांना कानात कापूस घालून आंघोळ करावी लागली नसती.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. स्कूबा कुठे करायचं हे ठरवताना आपण दर बघतो, व्हिडिओ फुकट मिळेल का ते विचारतो. त्याआधी बघायला हवं ते हे, की तो प्रशिक्षक तुमच्या तब्येतीची चौकशी करतो का आणि गरज पडली तर तुम्हाला ‘नाही’ म्हणतो का.

विहिरीतला दम आणि समुद्रातला श्वास

विहिरीत पोहताना आपण छाती भरून दम धरतो आणि बुडी मारतो. स्कूबात नेमकी हीच सवय घातक ठरते.

पाण्यात दर 10 मीटर खोलीला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे 10 मीटरवर तो जमिनीच्या दुप्पट होतो. तिथे नळकांड्यातून घेतलेली हवा त्याच दाबाची असते. वर येताना दाब कमी होतो आणि हवा फुगते. 10 मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. अशा वेळी घाबरून दम धरला तर हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि फुप्फुस फाटू शकतं. हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूत गेले तर माणूस वर येताच काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. भरलेल्या छातीने जेमतेम एक-दीड मीटर वर येतानाही हे घडू शकतं. म्हणून “पाणी उथळच आहे” हे उत्तर पुरेसं नाही. नियम एकच : पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

कानाचंही तसंच. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलावी लागते. सर्दीने नाक-कानातली नळी बंद असेल तर ते जमत नाही आणि पडद्यावर ताण येतो. नाकात थेंब टाकून वेळ मारून नेऊ नका. थेंबांचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येताना दुखणं वाढतं.

कुणी आधी डॉक्टरांना भेटावं?

• दमा, जुना क्षयरोग, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठली असल्यास
• हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह, इन्सुलिन चालू असल्यास
• फिट येत असल्यास
• कान वाहत असल्यास, पडद्याला छिद्र असल्यास किंवा कानाचं ऑपरेशन झालं असल्यास
• सिकलसेल असल्यास. चोपडा, यावल, शिरपूर या सातपुड्याच्या पट्ट्यातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. थंडी, दमछाक आणि अंगातलं पाणी कमी होणं यांनी सिकलसेलच्या वेदना उसळू शकतात.

गरोदर महिलांनी स्कूबा करूच नये. सर्दी-ताप असेल तर तो दिवस सोडून द्यावा. आदल्या रात्री दारू घेतली असेल किंवा रात्रभर गाडीत जागरण झालं असेल, तरीही त्या दिवशी नको.

पैसे देण्याआधी विचारा

1. आजारांची प्रश्नावली भरून घेता का, आणि ती कुणी वाचतं का?
2. पाण्यात माझ्यासोबत प्रमाणित प्रशिक्षक असेल का? एकाच वेळी तो किती जणांना सांभाळतो?
3. आधी उथळ पाण्यात सराव आणि हातांच्या खुणा शिकवता का? स्कूबात अंगठा वर करणं म्हणजे “मस्त” नव्हे, “मला वर न्या”. ही एक खूण चुकली तरी गोंधळ होतो.
4. होडीत प्राणवायूचा सिलिंडर आहे का? प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळतं का?

चौथा प्रश्न किरकोळ समजू नका. 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालून सुखरूप वर आलेल्या माणसाला पाण्यावरचा धोका उरतोच.

ज्यांना हे नीट शिकायचं आहे त्यांच्यासाठी तारकर्लीलाच महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे सरावासाठी खास खोल तलाव आहे.

आपलीही चूक आहे

“इतके लोक करतात, काही होत नाही,” असं मला ऐकवलं जातं. खरं आहे, बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला होतं, त्याच्या आजाराची चौकशी आधी झालेली होती का, हा माझा प्रश्न आहे. प्रामाणिक प्रशिक्षकाने नकार दिला की आपणच शेजारच्या टपरीवर जातो आणि दमा लपवून सही करतो. मग नकार देणाऱ्याचा धंदा बुडतो आणि न विचारणाऱ्याचा चालतो. आम्हा डॉक्टरांनाही हे लागू आहे. कान-छाती न तपासता ‘फिट’ असा कागद लिहून देणं चूकच. माझ्याकडे तो मागू नका.

नकार मिळाला म्हणून सहल वाया जात नाही. होडीतून सिंधुदुर्ग किल्ला बघा, खाडीत फेरी मारा. पण बनाना राइड आणि जेट स्कीचे धक्के कंबरदुखीवाल्यांनी, हाडं ठिसूळ असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी टाळावेत.

परतीचं विमान असेल तर एका डुबकीनंतर किमान 12 तास आणि एकाहून जास्त डुबक्या असतील तर 18 तास थांबा. गाडीने येणार असाल तरी लगेच घाट चढण्यापेक्षा रात्री मुक्काम केलेला बरा. पाण्यातून आल्यावर छातीत दुखलं, धाप लागली, हातपाय लुळे वाटले किंवा बोलणं अडखळलं, तर घरी पोचायची वाट बघू नका. लगेच जवळच्या रुग्णालयात जा आणि “स्कूबा करून आलोय” हे पहिल्या वाक्यात सांगा.

समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. यंदा कुणी ‘नाही’ म्हणालं, तर त्याचे आभार माना.